वारा पडलेल्या संध्याकाळचा हिशेब: मोठ्या हॉलमध्ये नैसर्गिक वायुवीजन कसं आखावं

मे महिन्यातला गोरज मुहूर्त. वारा पडलेला, झाडाचं पान हलत नाही. तालुक्याच्या गावातल्या पत्र्याच्या हॉलमध्ये हजार-बाराशे माणसं बसली आहेत आणि सकाळच्या ग्रहमखाचा धूर अजून छपराला पेलणाऱ्या कैच्यांच्या पातळीवर तरंगतो आहे. दोन्ही बाजूंच्या खिडक्या सताड उघड्या, पंखे गरगरताहेत, तरी मंगलाष्टकं संपायच्या आत गॅलरीतली वरची रांग पत्रिकेनं वारा घेत खाली उतरू लागते. अशाच एका लग्नात माझी आत्या भोवळ येऊन पायरीवर बसली. तिला बाहेर झाडाखाली नेलं, पाणी दिलं, आणि पाच-सात मिनिटांत ती सावरली. बाहेरही उकाडा होताच, पण तिथे हवा साचलेली नव्हती.

तेव्हापासून कुठल्याही हॉलमध्ये शिरलो की मी आधी वर बघतो. खिडक्या बहुतेक ठिकाणी भरपूर असतात. छताच्या माथ्यावर मात्र गरम हवेला बाहेर जायला वाटच ठेवलेली नसते. आपल्याकडच्या मोठ्या हॉलमधला मुख्य दोष हाच आहे, असं माझं ठाम मत आहे. जुन्या कौलारू घराच्या कौलांमध्ये फटी असायच्या, गरम हवा त्यांतून निघून जायची. पत्रा आला, ती वाट बुजली, आणि तिच्या जागी दुसरी वाट करायचं आपण विसरलो. साखर कारखाना बांधणारे मात्र विसरले नाहीत: कारखान्याच्या मोठ्या छपरावर जे दुसरं लहान छप्पर उचललेलं दिसतं, ते त्यासाठीच असतं.

हा लेख नवं क्रीडा संकुल, मंगल कार्यालय किंवा बहुउद्देशीय हॉल बांधणाऱ्या, किंवा जुना सुधारू पाहणाऱ्या माणसासाठी आहे. आकडे समजावेत म्हणून एकच नमुना शेवटपर्यंत धरतो: ४० मीटर लांब, ३० मीटर रुंद, वळचणीला ८ मीटर आणि मधल्या आढ्याला सुमारे ११ मीटर उंच हॉल, एका बाजूला गॅलरी, एकूण १२०० माणसं.

पहिली पायरी: जागा आणि वारा

जवळच्या वेधशाळेची वाऱ्याची आकडेवारी मिळवा, पण ती जशीच्या तशी वापरू नका. वेधशाळेतलं यंत्र उघड्या माळावर १० मीटर उंचीवर असतं. गावात, इमारतींच्या गर्दीत, माणसाच्या उंचीवर वाऱ्याचा वेग त्याच्या निम्मासुद्धा राहत नाही. म्हणून आकडेवारीतून दिशा घ्या आणि वेगाबद्दल कंजूष राहा. शिवाय जागेवर स्वतः उभं राहून बघा. सकाळी नऊ, दुपारी तीन, संध्याकाळी सात अशा तीन वेळा, निदान आठवडाभर. काठीला रिबीन बांधली तरी पुरतं. शेजारच्या चहावाल्याला विचारा, तो शेगडीचा आडोसा कुठल्या बाजूला लावतो. वर्षभराचा वारा त्याला पाठ असतो.

किनारपट्टीवर दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात, रात्री जमिनीकडून मतलई वारे. त्यामुळे कोकणात आणि गोव्यात हॉलच्या दोन्ही बाजूंना कधी ना कधी आत घेणाऱ्या बाजूचं काम करावं लागतं. पुण्याकडे उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो.

इथे एक अडचण येते. उन्हापासून वाचायचं तर हॉलची लांबी पूर्व-पश्चिम हवी, म्हणजे पश्चिमेला फक्त आखूड भिंत येते. पश्चिमेचा वारा पकडायचा तर लांब भिंत पश्चिमेला हवी. मी उन्हाला प्राधान्य देतो. राष्ट्रीय इमारत संहितेच्या मार्गदर्शनानुसार इमारत वाऱ्याच्या काटकोनापासून ३० अंशांपर्यंत वळवली तरी फायदा फारसा कमी होत नाही, आणि तेवढी मोकळीक बऱ्याच वेळा पुरते. त्याहून तिरका वारा असेल तर, वारा ज्या दिशेनं पुढे जातो त्या बाजूच्या झरोक्याच्या कडेला मीटरभर उभी भिंत बाहेर काढा. भिंतीला घासून जाणारा वारा तिच्यावर अडतो आणि आत वळतो.

दुसरी पायरी: उष्णतेचा हिशेब

किती हवा लागेल हे दोन प्रश्नांवर ठरतं: श्वासासाठी किती आणि उष्णता वाहून न्यायला किती. पहिला प्रश्न सोपा आहे. शांत बसलेला माणूस तासाला सुमारे १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. त्याला सेकंदाला ८ लिटर ताजी हवा मिळाली, तर आतलं प्रमाण बाहेरच्यापेक्षा सुमारे ६२५ पीपीएमनं (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ६२५ भागांनी) वाढून हजाराच्या आसपास थांबतं. १२०० माणसांना मिळून सेकंदाला साधारण १० घनमीटर हवा झाली.

उष्णतेचा हिशेब याच्या तिप्पट हवा मागतो. बसलेला माणूस एकूण सुमारे १०० वॉट उष्णता सोडतो. त्यातला हवा तापवणारा भाग ७० वॉट धरू. फार गरम हवेत हा भाग घटतो आणि घामाचा वाटा वाढतो, पण आखणी करताना सुरक्षित बाजूला राहावं. १२०० माणसांचे ८४ किलोवॉट. दिवे आणि ध्वनियंत्रणेचे १०. छपरातून येणारे, उष्णतारोधक थर नीट असेल तर, १५ ते १७. एकूण ११० किलोवॉट.

आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा ३ अंशांहून जास्त चढू द्यायचं नाही असं ठरवू. बाहेर ३२, आत ३५. एक घनमीटर हवा एक अंशानं तापायला सुमारे १.१५ किलोज्यूल लागतात. म्हणजे ११० भागिले (१.१५ गुणिले ३): सेकंदाला सुमारे ३२ घनमीटर. तासाला हॉलमधली सगळी हवा दहा वेळा बदलली पाहिजे. नुसत्या श्वासाच्या नियमावर झरोके काढले की हॉल घामाघूम होतो, तो या तिपटीमुळे.

३५ अंश सोसतील का? भारतीय परिस्थितीसाठी तयार झालेलं आणि राष्ट्रीय इमारत संहितेत आलेलं एक सूत्र आहे: मागच्या ३० दिवसांचं बाहेरचं सरासरी तापमान गुणिले ०.५४, अधिक १२.८३. सरासरी ३१ असेल तर उत्तर २९.६ येतं, आणि त्याच्या सुमारे २.४ अंश वर-खाली बहुतेकांना चालतं. म्हणजे ३२ पर्यंत. उरलेल्या तीन अंशांसाठी अंगावर वारा लागतो. सेकंदाला मीटरभर वेगाचा वारा साधारण ३ अंशांचा दिलासा देतो, आणि तो पंखे देऊ शकतात. पंखा हवा बदलत नाही, ती फक्त फिरवतो. झरोके आपलं काम करत असतील तरच पंख्याचा उपयोग.

तिसरी पायरी: आधी छप्पर गार करा

वर छपराचे १५-१७ किलोवॉट धरले ते ५० मिलिमीटर पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये उष्णतारोधक फोम भरलेला तक्ता) किंवा तसाच चांगला थर आहे असं मानून. हाच पत्रा उघडा असेल तर भर दुपारी १२०० चौरस मीटर छपरातून आत येणारी उष्णता दीडशे किलोवॉटच्या घरात जाते, माणसांच्या उष्णतेपेक्षाही जास्त. शिवाय तापलेला पत्रा डोक्यावर उष्णता फेकतो. तिच्यावर कितीही हवा खेळवली तरी टाळू भाजतेच.

म्हणून पैसे थोडे असतील तर क्रम असा ठेवा: आधी छपराखालचा थर, मग वरचे झरोके, मग खालचे, शेवटी पंखे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी नेमका उलटा क्रम चालतो, कारण पंखे उद्घाटनाच्या दिवशी दिसतात. जुन्या हॉलला थर परवडत नसेल तर पत्र्याला वरून पांढरा, ऊन परतवणारा रंग द्या. धुळीनं त्याचा गुण उतरतो, त्यामुळे दर वर्षी उन्हाळ्याआधी छप्पर धुवा.

चौथी पायरी: झरोक्यांचं माप

हवा दोन कारणांनी हलते. एक वारा. त्याचं सूत्र संहितेत सोपं दिलं आहे: प्रवाह = ०.६ × झरोक्याचं क्षेत्रफळ × वाऱ्याचा वेग. वारा तिरका असेल तर ०.६ ऐवजी ०.३. वाऱ्याकडच्या बाजूला ३० चौरस मीटर मोकळी जागा आणि दीड मीटर वेगाचा वारा असेल तर सेकंदाला २७ घनमीटर हवा येते. इतका मंद वारासुद्धा जवळजवळ सगळं काम करून जातो.

पण गोरज मुहूर्ताला वारा पडतो. तेव्हा उरतं दुसरं कारण: गरम हवा हलकी असते आणि वर जाते. माप या बिनवाऱ्याच्या वेळेसाठीच काढायचं. वारा असला तर तो वरचा नफा समजावा.

खालच्या झरोक्याचा मध्य जमिनीपासून १ मीटरवर आणि वरच्याचा ११ मीटरवर, म्हणजे उंचीचा फरक १० मीटर. तापमानाचा फरक ३ अंश. दोन गुणिले गुरुत्वाकर्षणाचे ९.८१ गुणिले उंची गुणिले तापमानाचा फरक, भागिले केल्विनमधलं आतलं तापमान (३५ अंश म्हणजे ३०८), आणि त्याचं वर्गमूळ: सेकंदाला १.३८ मीटर. हवा झरोक्यातून जाताना आकसते म्हणून ०.६ नं गुणायचं: ०.८३. आपल्याला ३२ घनमीटर हवेत, म्हणजे परिणामी क्षेत्रफळ सुमारे ३९ चौरस मीटर.

‘परिणामी’ या शब्दावर थांबा. हवेला आधी खालचा झरोका आणि मग वरचा, असे दोन अडथळे ओलांडायचे आहेत. खालचं आणि वरचं क्षेत्रफळ एकमेकांना गुणा, आणि दोघांच्या वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळानं भागा, म्हणजे परिणामी क्षेत्रफळ मिळतं. खाली ४७ आणि वर ७० चौरस मीटर घेतलं तर ते बरोबर ३९ येतं. खाली २०० चौरस मीटर खिडक्या आणि वर १० चौरस मीटर झरोके असतील तर? परिणामी क्षेत्रफळ १० च्या आतच राहतं. शंभर खिडक्या वाढवल्या तरी ते दहाच्या पुढे जात नाही. माझ्या आत्याला ज्या हॉलमध्ये भोवळ आली, तिथे हेच घडत होतं.

(या हिशेबात हॉलभर एकच तापमान धरलं आहे. प्रत्यक्षात हवेचे थर होतात, वर जास्त गरम आणि खाली कमी. आखणीच्या पहिल्या फेरीला ही सोय चालते. मोठ्या खर्चाच्या प्रकल्पात पुढे संगणकावर हवेच्या प्रवाहाचं गणित करून घ्यावं.)

पाचवी पायरी: गॅलरीतल्या माणसांना विसरू नका

ही पायरी बहुतेक आराखड्यांत नसते, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच आहे.

हॉल गरम झाला की खालच्या झरोक्यांतून हवा आत ओढली जाते आणि वरच्यांतून बाहेर ढकलली जाते. मध्ये कुठेतरी अशी एक उंची असते जिथे आतला आणि बाहेरचा दाब सारखा असतो. तिला तटस्थ पातळी म्हणू. या पातळीच्या खालची कुठलीही खिडकी ताजी हवा आत घेते. वरची खिडकी कितीही मोठी असली तरी हवा बाहेरच टाकते. आता गॅलरीची वरची रांग तटस्थ पातळीच्या वर आली तर तिथल्या माणसांच्या पाठीमागची खिडकी त्यांना ताजी हवा देत नाही. उलट खालच्या आठशे माणसांची उष्ण, दमट हवा त्यांच्या अंगावरून त्या खिडकीकडे जाते. खिडकीशेजारी बसूनही माणूस का गुदमरतो, याचं उत्तर हे आहे.

ही पातळी कुठे येईल ते झरोक्यांच्या प्रमाणावर ठरतं. खालच्या झरोक्यापासूनची तिची उंची = एकूण उंची × वरच्या क्षेत्रफळाचा वर्ग ÷ दोन्हींच्या वर्गांची बेरीज. दोन्ही सारखे असतील तर ती बरोबर मध्यावर येते. आपण वर ७० आणि खाली ४७ घेतले, त्यामुळे १० मीटरपैकी ६.९ मीटरवर, म्हणजे जमिनीपासून ७.९ मीटरवर आली. गॅलरीची वरची रांग ६ मीटरवर असेल तर बसलेल्या माणसाचं डोकं सव्वासात मीटरवर येतं. जेमतेम सुटलो. खाली भरमसाट खिडक्या आणि वर थोडे झरोके असले की ही पातळी घसरत खाली येते आणि अर्धी गॅलरी शिळ्या हवेत बुडते.

यावरून दोन नियम पाळा. वरचं क्षेत्रफळ खालच्याच्या दीडपट ठेवा. आणि वरच्या झरोक्याचा मध्य शेवटच्या रांगेतल्या डोक्यांपासून निदान ३ मीटर वर असू द्या. छप्पर उंच करता येत नसेल तर गॅलरी खाली आणा. तेही शक्य नसेल तर गॅलरीच्या पायऱ्यांच्या खाली पोकळी ठेवून, बाहेरची हवा बैठकींखालच्या जाळ्यांतून थेट पायांशी सोडा.

सहावी पायरी: माथ्यावरचा झरोका

७० चौरस मीटर मोकळी जागा आढ्यावर कशी मिळवायची? आढ्याच्या ४० मीटर लांबीवर छप्पर उचलून दुसरं लहान छप्पर घाला आणि त्याच्या दोन्ही उभ्या बाजूंना लुव्हर, म्हणजे तिरप्या पट्ट्यांचे झरोके, लावा. दोन्ही बाजू मिळून ८० मीटर लांबी झाली. लुव्हरच्या पट्ट्या आणि पक्ष्यांची जाळी जाऊन ५५ टक्के जागा मोकळी राहते असं धरलं, तर लुव्हरची उंची सुमारे १.६ मीटर लागते. कारखान्याच्या छपराशी तुलना केली तर हे काही अवाढव्य नाही. हिशेबात धरलेला मध्य ११ मीटरपेक्षा थोडा वर जाईल, ते फायद्याचंच.

फिरते टर्बो व्हेंटिलेटर हा उपाय सगळीकडे सुचवला जातो, म्हणून त्याचा हिशेब करून टाकू. ६०० मिलिमीटर व्यासाच्या एका गळ्याचं क्षेत्रफळ ०.२८ चौरस मीटर. ७० चौरस मीटरसाठी अडीचशे लागतील. छपरावर दहा-बारा बसवले की काम झालं असं मानतात. पण वारा पडला की ती नुसती दहा-बारा भोकं असतात. गोदामाला ठीक, १२०० माणसांना नाही.

उचललेल्या छपराला एक दुखणं असतं: वारा सुटला की वाऱ्याकडच्या लुव्हरमधून हवा आत घुसते आणि समोरच्या बाजूनं निघून जाते. खालची गरम हवा तशीच अडकून राहते, पावसाचे तुषार आत येतात ते वेगळेच. त्यासाठी लुव्हरपासून थोडं अंतर सोडून बाहेर उभा आडपत्रा लावा. वारा त्यावर आपटून वरून उडी मारतो आणि आडपत्र्यामागे ओढ निर्माण होते. म्हणजे वारा कुठूनही आला तरी माथा हवा बाहेरच खेचतो. आडपत्रा आणि लुव्हर यांच्यातलं अंतर लुव्हरच्या उंचीपेक्षा कमी नसावं, तळाशी पाणी निघून जायला फट ठेवावी, आणि त्या पाण्याला पन्हळ द्यावी.

या वाटेचा एक मोठा फायदा कोणी मोजत नाही. आग लागली तर धूर आधी वर साचतो. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १९९७ साली ५९ माणसं गेली, ती प्रामुख्यानं धुरात गुदमरून. माथ्यावरचा झरोका अग्निशमनाच्या नियमांची जागा घेत नाही, पण धुराला वाट असणं आणि नसणं यात फार फरक आहे.

सातवी पायरी: खालचे झरोके

४७ चौरस मीटर मोकळी जागा. लुव्हर आणि जाळी मिळून निम्मी जागा खातात, म्हणून भोक ९४ चौरस मीटरचं. हॉलचा घेर १४० मीटर. दारं, व्यासपीठ, स्वच्छतागृहं वगळून ९० मीटर हाती उरले तर जेमतेम १.०५ मीटर उंचीची पट्टी लागते. बसलेल्या माणसाच्या उंचीला हवा लागावी म्हणून ती खालीच असावी.

डासांची बारीक जाळी लावायची तर भोक आणखी मोठं करा. धुळीनं भरलेली बारीक जाळी म्हणजे जवळजवळ भिंतच. माझी पसंती झरोक्याला पक्ष्यांपुरती मोठी जाळी आणि बारीक जाळीच्या काढता येणाऱ्या चौकटी, ज्या डास असतील तेव्हाच लावायच्या. पारवे मात्र पहिल्या दिवसापासून थोपवा. एकदा कैचीवर त्यांचा संसार थाटला की खालच्या मॅटवर आणि पंगतीवर काय पडतं ते सांगायला नको.

कोकणातल्या पावसात लुव्हरची एक ओळ पुरत नाही. पडवी हा आपला जुना आणि उत्तम उपाय. झरोक्याबाहेर अडीच-तीन मीटर रुंद पडवी काढली की पाऊस लांब राहतो, भिंतीवर ऊन येत नाही, आणि आत येणारी हवा सावलीतून येते. चपला, बॅगा, लहान मुलांची पळापळ यांचीही सोय होते.

आत येणारी हवा कुठून येते ते बघा. वाहनतळाकडे, जनरेटरच्या धुराकडे किंवा भटारखान्याकडे झरोके उघडू नयेत. भटारखाना आणि स्वच्छतागृहं नेहमीच्या वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला हवीत, आणि भटारखान्याला त्याचं स्वतंत्र धुराडं हवं. शेजारी वस्ती असेल तर झरोक्यातून आवाज बाहेर जातो. त्या बाजूला झरोक्यामागे नागमोडी वाट ठेवून तिला आतून आवाज शोषणारा थर द्या. वाट लांबली की अडथळा वाढतो, म्हणून क्षेत्रफळ त्या प्रमाणात वाढवा.

आठवी पायरी: बॅडमिंटनचा पेच

कबड्डी, खो-खो, कुस्ती, मल्लखांब यांना वाऱ्याचा त्रास नाही. उलट मल्लखांबावर घामेजलेली पकड सुटते, तिथे हवा खेळती हवीच. अडचण येते ती बॅडमिंटन आणि टेबल टेनिसची. शटलकॉकचं वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम, टेबल टेनिसच्या चेंडूचं २.७ ग्रॅम. कोर्टावरच्या हवेचा वेग सेकंदाला ०.२ मीटरच्या आत ठेवावा, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं.

बहुतेक संकुलांत यावर एकच उपाय होतो: सगळ्या खिडक्या बंद करून वर पडदे. मग मुलं भट्टीत सराव करतात. खरा त्रास वाऱ्याच्या झोतांचा असतो, गरम हवेच्या मंद चढण्याचा नव्हे. सरावाच्या वेळी ४० खेळाडू आणि शे-दोनशे बघे असतील तर लागणारी हवाही पूर्ण गर्दीच्या निम्मीच असते. म्हणून वाऱ्याकडचे खालचे झरोके पूर्ण बंद करा, वाऱ्याआडचे उघडे ठेवा, आणि माथा पूर्ण उघडा. आत येणारी हवा कोर्टापासून निदान ३ मीटर लांब सोडा आणि समोर कमरेएवढी आडभिंत ठेवा, म्हणजे झोत तुटून हवा पसरते. झरोक्यांना एकेक बाजू वेगळी बंद करता येणारी शटर हवीत ती यासाठी.

लंडनमध्ये २०१२ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेलं सायकल शर्यतींचं वेलोड्रोम पाहण्यासारखं उदाहरण आहे. ६००० प्रेक्षकांची ही इमारत नैसर्गिक वायुवीजनावर चालते, आणि तिथे सायकलस्वारांना वेगासाठी धावपट्टीजवळची हवा उबदारच हवी असते. लंडनचं हवामान आपलं नव्हे, पण खेळाची गरज आणि प्रेक्षकांची गरज वेगळी मोजायची पद्धत घेण्यासारखी आहे. आपल्यासारख्याच उकाड्याच्या सिंगापूरनं २०१४ मध्ये राष्ट्रीय स्टेडियम बांधलं, ३१० मीटर व्यासाच्या घुमटाखाली. तिथे गार हवा बैठकींपाशी सोडली जाते. एवढं मोठं पोट गार करण्याच्या फंदात ते पडले नाहीत.

नववी पायरी: कोकण वेगळं, विदर्भ वेगळा

कोकण, मुंबई, गोव्यात हवा दमट. तिथे कूलर निरुपयोगी, कारण हवेत आधीच ओल आहे. दिवसरात्र झरोके उघडे, भरपूर पंखे. ६-७ मीटर व्यासाचे संथ फिरणारे मोठे पंखे तिथे चांगले, एक पंखा बरीच जागा व्यापतो.

नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो. तेव्हा दुपारी झरोके उघडणं म्हणजे लू आत बोलावणं. तिथे रात्रभर सगळं उघडं ठेवायचं आणि सकाळी बाहेरची हवा तापायला लागली की बंद करायचं, नुसत्या श्वासापुरतं उघडं ठेवून. पण रात्रीचा गारवा साठवायला जड वस्तुमान लागतं: दगडी किंवा विटांच्या भिंती, गॅलरीच्या काँक्रीटच्या पायऱ्या. नुसत्या पत्र्याच्या शेडमध्ये काहीच साठत नाही. दुपारी कूलर लावायचेच, पण कूलरनं आत ढकललेली हवा बाहेर गेली पाहिजे. बंद हॉलमध्ये कूलर लावले की तासाभरात आत कोकण होतं. माथ्यावरचे झरोके इथेही उपयोगी पडतात.

दहावी पायरी: हॉल चालवणारा माणूस

आराखडा कितीही चांगला असला तरी शटर उघडणारा शेवटी हॉलचा शिपाई असतो. साखळी त्याच्या हाताला येईल अशा उंचीवर हवी. शिडी लागत असेल तर शटर पहिल्या वर्षानंतर उघडणार नाही. साखळीशेजारी भिंतीवर रंगानं तीन खुणा करून ठेवा: ‘सराव’, ‘गर्दी’, ‘पाऊस’. आत कार्बन डायऑक्साइडचा एक साधा मीटर गॅलरीच्या वरच्या रांगेजवळ टांगा. हजाराच्या फार वर गेला की शिपायाला कळतं, अजून उघडायचं आहे.

मग डेकोरेशनवाले. हॉल कितीही नीट बांधा, लग्नाच्या आदल्या रात्री छताला कापडाचं आभाळ ताणलं जातं आणि भिंतींवर जमिनीपर्यंत झालरी सोडल्या जातात. खालचे आणि वरचे, दोन्ही झरोके एका रात्रीत बुजतात. हॉल भाड्यानं देतानाच्या करारात दोन अटी लिहा: भिंतीवरचं कापड जमिनीपासून दीड मीटर वर थांबेल, आणि वरच्या कापडात आढ्याच्या रेषेत लांबलचक मोकळी फट राहील. फट दोन मीटरपेक्षा अरुंद नको. ती फुलांच्या माळांनी सजवता येते. डेकोरेशनवाल्यांना आधी सांगितलं तर ते आनंदानं करतात.

शेवटी चाचणी, हॉल ताब्यात घेण्याआधी. वारा पडलेल्या संध्याकाळी, निदान दोनेकशे माणसं जमवून, अर्धा तास थांबा. मग उदबत्तीचा पुडा घ्या. खालच्या प्रत्येक झरोक्यापाशी एक उदबत्ती धरा, धूर आत झुकला पाहिजे. गॅलरीच्या वरच्या रांगेत, खिडकीशी धरा. धूर आत आला तर ती रांग तटस्थ पातळीच्या खाली आहे, तिथे बसणाऱ्यांची काळजी नाही. धूर बाहेर वाकला तर ती खिडकी बंद करा आणि माथा आणखी उघडा, मग पुन्हा पाहा. मी एका जुन्या हॉलमध्ये हे केलं तेव्हा वरच्या रांगेतला धूर आधी सरळ बाहेर गेला. गॅलरीतल्या चार खिडक्या बंद करून माथ्यावरची गंजलेली शटरं तेल घालून उघडली, आणि दहा मिनिटांनी तोच धूर त्याच जागी सरळ उभा राहून वर चढू लागला.

जाळ्या वर्षातून दोनदा धुवायच्या: पावसाळा संपल्यावर दिवाळीच्या आधी, आणि तुळशीच्या लग्नानंतर सुरू झालेली लग्नसराई मधे थोडी थांबते तेव्हा, पौषात.